बादलीतला ओळंबा

[दृश्य : रामबागेतल्या जुन्या घराचं मागचं अंगण. चुन्याची भिंत. गच्चीवरून सोडलेला काळा दोरा, खाली पाण्याची बादली.]

इंदूरला अजून पोह्यांच्या गाड्या लागायच्या आहेत. रामबागेतल्या या अंगणात मात्र काम सुरू झालंय. गच्चीच्या कठड्यावरून एक काळा दोरा खाली सोडलाय. त्याच्या टोकाला गवंड्याचा पितळी ओळंबा आहे, आणि तो बादलीतल्या पाण्यात पूर्ण बुडवलाय. सकाळच्या वाऱ्यावर ओळंबा झुलत राहतो. पाण्यात सोडला की दोन मिनिटांत निवांत होतो.

समोर, वीस मीटरवर, ओसरीत टेबल. टेबलावर लाकडी घोडी आणि तिच्यात आवळून बसवलेली .22 ची रायफल. तिच्यावर नेम धरायची दुर्बीण आहे. त्या दुर्बिणीतली फुली, म्हणजे नेमाची उभी-आडवी रेषा, आज ओळंब्याशी जुळवायची आहे. बोल्ट काढून बाजूला फडक्यावर ठेवलाय. नळीतून आरपार उजेड दिसतो. काकांनी स्वतः पाहिला, मग पुतणीला पाहायला लावला, मग मला. त्याशिवाय कुणी हात लावायचा नाही.

काका लष्करात आर्मरर, म्हणजे हत्यारांची देखभाल-दुरुस्ती करणारे होते. शेवटची वर्षं महूत गेली. इथून तासाभराच्या आत महू. तिथे पायदळाचं इन्फंट्री स्कूल आहे आणि लष्कराचं नेमबाजी पथक, आर्मी मार्क्समनशिप युनिट. 2012 साली लंडनला 25 मीटर रॅपिड फायर पिस्तुलात रौप्य जिंकणारे विजय कुमार याच पथकातले. पदक जिंकणाऱ्याचं नाव पेपरात येतं. त्यांच्यासारख्यांच्या हातातल्या हत्यारांचे स्क्रू कुणी आवळले, हे कधी छापून येत नाही. मला ही फिल्म त्यासाठीच करायची होती.

[दृश्य : दुर्बिणीवर बसवलेली छोटी पाणसळ. हिरव्या पाण्यातला बुडबुडा.]

पुतणी म्हणते, "काका, बुडबुडा तर बरोबर मधोमध आहे."

काका दुर्बिणीवरची पाणसळ सोडवतात आणि टेबलाच्या काचेवर ठेवतात. बुडबुडा एका रेषेला टेकतो. मग तीच पाणसळ त्याच जागी, टोकं उलटी करून ठेवतात. "बघ. उलटी केल्यावरसुद्धा बुडबुडा खिडकीकडेच गेला. म्हणजे काच खिडकीकडे उंच आहे, पाणसळ खरी आहे. उलटी केल्यावर तो भिंतीकडे पळाला असता, तर पाणसळच खोटी." गवंडी हे रोज करतो. रायफलवर हजारोंची दुर्बीण लावणारे आम्ही मात्र हे करत नाही.

मी "आम्ही" म्हणतोय, कारण मी हे भोगलंय. माझ्या एअर रायफलवर एका दुकानात पाणसळ बसवून घेतली होती. दहा मीटरवर सगळं छान. चाळीस मीटरवर छर्रे बोटभर उजवीकडे. मी श्वास बदलला, बूट बदलले, ट्रिगरवरच्या बोटाला दोष दिला. सहा महिने गेले. बुडबुडा मधोमध ठेवून मी दर वेळी रायफल उजवीकडे कलती धरत होतो, आणि पाणसळ मला शाबासकी देत होती.

[दृश्य : काका कागदावर पेन्सिलीने आकृती काढतात.]

कल का नडतो, ते काकांच्या कागदावर दिसतं. गोळी नळीतून सुटली की लगेच खाली यायला लागते. म्हणून नळी निशाण्याच्या थोडी वर रोखलेली असते. रायफल सरळ असली तर हा उंचावा सगळा वरच्या दिशेला खर्च होतो. कलली की त्यातला थोडा बाजूला जातो. उजवीकडे कलली तर गोळी उजवीकडे आणि किंचित खाली.

आता आकडे. 50 मीटरवर .22 ची गोळी नळीच्या रेषेपासून साधारण बारा सेंटीमीटर खाली येते. रायफल पाच अंश कलली, तर गोळी जवळजवळ एक सेंटीमीटर बाजूला. ऐकायला किरकोळ वाटतं. पण 50 मीटर रायफलच्या टार्गेटवरचं दहाचं वर्तुळ अवघं 10.4 मिलीमीटर व्यासाचं असतं. अगदी मध्यावर बसणारी गोळी तेवढ्या कलाने नवात जाते. कोल्हापूरकडच्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेनं 2024 ला पॅरिसमध्ये याच अंतरावर कांस्य जिंकलं, 451.4 गुणांनी. त्या खेळात दुर्बीण चालत नाही, पीप साईट असते, बारीक भोकातून नेम धरायची. तरी कलाचा हिशेब तोच. तिथले कितीतरी नेमबाज मुद्दाम रायफल गालाकडे कलती धरतात, मान मोकळी राहावी म्हणून. त्यांना ते चालतं, कारण कल प्रत्येक गोळीला तोच असतो, आणि साईट त्या कलावरच जुळवलेली असते.

अंतर वाढलं की हिशेब निष्ठुर होतो. हजार यार्डांवर मोठ्या .308 रायफलची गोळी दहा मीटरांच्या आसपास खाली येते. तिथे एक अंश कल म्हणजे सतरा सेंटीमीटर. एक अंश म्हणजे घड्याळाचा मिनिटकाटा दहा सेकंदांत सरकतो तेवढा. तेवढं वाकडेपण डोळ्याला कळत नाही. त्यात मागचा बांध उतरता असला, तर डोळा बांधालाच आडवा मानतो आणि हात गुपचूप त्याच्या मागे जातात.

[दृश्य : दुर्बिणीतून. पांढरी भिंत, काळा दोरा, फुलीची उभी रेषा दोऱ्याला तिरकी.]

काका आता दुर्बीण धरून ठेवणाऱ्या रिंगांचे स्क्रू सैल करतात. दुर्बीण हाताने फिरेल इतकेच. पुतणी डोळा लावते. "डावीकडे. अजून थोडी. थांबा, जास्त झाली." दाराच्या चौकटीशी का नाही जुळवायचं, असं मी विचारतो. काका ओसरीच्या चौकटीला ओळंब्याचा दुसरा दोरा लावून दाखवतात. वरून खालपर्यंत चौकट बोटभर सरकलीय. ऐंशी पावसाळे खाल्लेलं सागवान आहे ते.

बरेच जण रायफलचं अंग काटेकोर आडवं करण्यात सकाळ घालवतात. काकांचं मत वेगळं आहे, आणि मला ते पटतं. दुर्बीण नळीच्या पाच सेंटीमीटर वर असते. फुली ओळंब्यात असेल आणि रायफलचं अंग तिच्याखाली दोन अंश तिरकं असेल, तर नळी दुर्बिणीच्या पावणेदोन मिलीमीटर बाजूला जाते, बस. फुली तिरकी राहिली, तर मात्र अंतराबरोबर चूक वाढत जाते. म्हणून जीव फुलीत घालायचा.

[दृश्य : अ‍ॅलन की. एक स्क्रू पाव वेढा, मग समोरचा पाव वेढा.]

अवघड काम इथे आहे. एका बाजूचे स्क्रू आवळले की रिंग दुर्बिणीला त्या बाजूला ओढते. म्हणून समोरासमोर, पाव-पाव वेढा, आणि दोन्हीकडची फट सारखी. काकांच्या टॉर्क पान्यावर 18 इंच-पौंडांची खूण आहे, म्हणजे दोन न्यूटन-मीटर. त्याहून जास्त जोर लावला तर नळकांडं दबतं आणि आतल्या भिंगांचं गणित बिघडतं. शेवटचा स्क्रू बसतो. पुतणी बघते. फुली हललीय. पुन्हा सैल. पुन्हा दोरा. पुन्हा हलली. काका एक शब्द बोलत नाहीत, फक्त की परत उचलतात. तिसऱ्या वेळी ते उजवीकडचं ओढणं आधीच धरून दुर्बीण केसभर डावीकडे ठेवतात.

उभी रेषा दोऱ्यावर बसते. मग छोटी पाणसळ दुर्बिणीवर चढते. आता तिचा बुडबुडा या दोऱ्याच्या साक्षीने मधोमध आणायचा.

एक तपासणी उरलीय. दुर्बिणीवरची उंचीची चकती फिरवली की फुली सरळ उभ्यात सरकायला हवी. रेषा दोऱ्यात असूनही चकतीची चाल तिरकी निघू शकते, तो कारखान्यातला दोष. तसं निघालं तर काका चकतीच्या चालीलाच ओळंब्यात बसवतात, कारण पुतणी उंची चकतीवरच लावते. एक क्लिक म्हणजे 0.1 मिल (मिल हे कोनाचं माप), शंभर मीटरवर एक सेंटीमीटर. शंभर क्लिक म्हणजे या वीस मीटरवर वीस सेंटीमीटर.

रायफल घोडीत घट्ट. पुतणी डोळा न हलवता चकती फिरवते. टिक, टिक, टिक. फुली भिंतीवरून वीतभर खाली उतरते.

"दोरा दिसतोय का बाजूला?" काका विचारतात.

"नाही, काका. रेषेमागेच आहे. दिसतच नाहीये."

"आता परत शून्यावर आण. हळू. मोजत."

[दृश्य : बादलीतलं स्थिर पाणी. आवाज फक्त क्लिकचा.]