जन्म कोणत्या महिन्यातला?

श्रोतेहो, नमस्कार.

‘डॉक्टर, हा एका जागी बूड टेकत नाही. एडीएचडी आहे का बघा ना!’ पहिलीतल्या मुलाचा हात घट्ट धरून आई सांगत असते. एडीएचडी म्हणजे लक्ष न टिकण्याचा आणि अतिचंचलपणाचा विकार. मी आधी विचारतो, जन्म कोणत्या महिन्यातला?

त्याचं असं आहे. आपल्याकडे पहिलीसाठी ३१ डिसेंबरला सहा वर्षं पूर्ण लागतात. म्हणजे जानेवारीतलं आणि डिसेंबरातलं पोर एकाच बाकावर. त्या वयात अकरा महिने म्हणजे केवढं अंतर! कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबियातही शाळेची तारीख हीच. तिथल्या नऊ लाखांहून अधिक मुलांच्या नोंदींचा अभ्यास २०१२ साली प्रसिद्ध झाला. जानेवारीत जन्मलेल्यांपेक्षा डिसेंबरातल्या मुलग्यांमध्ये हे निदान ३० टक्के जास्त, मुलींमध्ये तर ७० टक्के. वर्गातलं सगळ्यात धाकटं असणं हा काही आजार नव्हे.

या विकाराची रक्ततपासणी नाही, स्कॅनही नाही. माझ्या खोलीतली पंधरा मिनिटं तर फसवीच; नव्या जागी द्वाड पोरही दबून बसतं. लक्षणं किमान सहा महिने हवीत, बारा वर्षांच्या आत सुरू झालेली हवीत आणि घर, शाळा अशा निदान दोन ठिकाणी दिसायला हवीत. नुसतं दिसून भागत नाही, त्यापायी मुलाचं अडायलाही हवं. म्हणून पालकांइतकाच वर्गातल्या बाईंनी भरलेला लक्षणांचा तक्ता महत्त्वाचा. कान आणि डोळे तपासायचेच. ऐकू कमी येणारं मूल ‘लक्ष देत नाही’ म्हणून किती बोलणी खातं!

वडील म्हणतात, ‘मोबाइलवर दोन तास हलत नाही, मग लक्ष कसं नाही?’ त्यावरून काहीच ठरत नाही. दर क्षणाला नवं काही पुढ्यात येत असेल, तर ही मुलंही खिळून बसतात. आजी म्हणतात, ‘याचा बापही असाच होता.’ हे मात्र मी टिपून घेतो, कारण हा विकार घराण्यात चालतो. आणि खिडकीबाहेर बघत गप्प बसणारी मुलगी? तिला कुणी आणतच नाही. ती कुणाला त्रास देत नाही ना!

सहा वर्षांखालच्या मुलाचं निदान पक्कं झालं, तरी पहिली पायरी गोळ्यांची नसते. आईवडिलांनी त्याच्याशी कसं वागायचं, याचं शिक्षण आधी.

तर पुढच्या खेपेला बाईंचा तक्ता घेऊन या. आणि तो रात्री घोरतो का, तेही सांगा. सुजलेल्या टॉन्सिलमुळे झोपमोड झालेलं पोर दिवसा असंच सैरभैर असतं. आजींनाच विचारा, झोपतो त्यांच्याच कुशीत.