वेगळा दगड

[दृश्य: झेनिया, अगदी जवळून. वेव्हमेकर, म्हणजे टाकीत प्रवाह करणारा पंप, बंद.]

पाणी स्थिर आहे. हलतायत ते पॉलिप, म्हणजे प्रवाळाच्या वसाहतीतले इवले जीव, आपल्याच जोरावर. उघडतात, मिटतात, पुन्हा उघडतात. एकेका पॉलिपला आठ स्पर्शक आणि प्रत्येक स्पर्शकाच्या दोन्ही कडांना बारीक झालर.

हा झेनिया. मऊ प्रवाळ. दगडी प्रवाळासारखा चुन्याचा भरीव सांगाडा हा बांधत नाही.

दिवसरात्र एवढी हालचाल याला परवडते कशी? इस्रायलमधल्या संशोधकांनी तांबड्या समुद्रात, इलातच्या किनाऱ्याजवळ, याच कुळातल्या हेटेरोझेनियावर पाण्याखाली कॅमेरे रोखले. 2013 साली निष्कर्ष छापून आले. उघडमिटीमुळे पॉलिपांभोवतीचं पाणी सतत बदलतं. एकदा वापरलेलं पाणी पुन्हा वाट्याला येत नाही. पेशींमध्ये राहणाऱ्या शैवालाने सोडलेला प्राणवायू साचून न राहता वाहून जातो, आणि त्या शैवालाचं अन्न बनवणं जोरात चालतं. या कष्टात एकच सुट्टी असते. दुपारी साधारण अर्धा तास अख्खी वसाहत थांबते. वामकुक्षीच म्हणायची.

[दृश्य: पूर्ण टाकी, डावीकडून उजवीकडे.]

ही ठाण्यातल्या एका घरातली समुद्री मत्स्यालयाची टाकी. पाणी आरओचं, त्यात सॉल्ट मिक्स. क्षारता हजारी 35. तापमान 25 ते 26 अंश. ठाण्याच्या मे महिन्यात ते तिथेच ठेवायचं तर कपाटात चिलर हवा. मागे जी घरघर ऐकू येतेय ती त्याचीच. ती शेवटपर्यंत राहील, आम्ही काढायच्या फंदात पडलो नाही.

[दृश्य: मागची काच. ब्लेडचं टोक हिरव्या पॉलिपांना लागतं.]

आता इथे बघा. ब्लेड लागलं आणि हिरवं होतं ते सगळं आत गेलं. उरला जांभळा, रबरी थर. दुकानदाराच्या भाषेत जीएसपी, म्हणजे ग्रीन स्टार पॉलिप. शेतात हरळी जशी जमिनीला धरून पुढे सरकते आणि पेरापेराला मूळ धरते, तशीच याची चाल. वाटेत जे येईल ते याला चालतं: काच, पाइप, पंपाची जाळी, जिवंत गोगलगाईचा शंख.

समुद्रात याला चरणारे असतात, शेजारी जागेसाठी भांडतात, लाटा दगड उलटेपालटे करतात. टाकीत दिवा रोज ठरल्या वेळी लागतो, माशांच्या विष्ठेतून नायट्रेट मिळत राहतं आणि खाणारं कुणी नसतं.

म्हणून लोक याला तण म्हणतात आणि विकत घेतल्याचा पश्चात्ताप करतात. पण तक्रार प्रवाळाची नसावी. पहिल्या दिवशी ते मधल्या मोठ्या दगडावर, सगळ्यांच्या मध्ये चिकटवलं जातं, खरी गडबड तिथे होते.

[दृश्य: वाळूत एकटा दगड, वरून.]

हा दगड एकटा आहे. चारही बाजूंनी वाळू. बोटभर नव्हे, चांगली चार बोटं, आणि काचेपासूनही तेवढंच अंतर. जीएसपीला चिकटून सरकायला घट्ट पृष्ठभाग लागतो, हलत्या वाळूवर त्याचा थर रेंगाळतो. थांबतोच असं नाही. कडेने जांभळी जीभ वाळूवर आलेली दिसतेय? ती आठवड्याच्या सफाईत कात्रीने जाते, दोन मिनिटांचं काम. मधल्या दगडावर हेच काम सगळी रचना उपसल्याशिवाय होत नाही.

झेनियाची तऱ्हा वेगळी. तो बुंध्यापाशी दुभंगतो, एकाचे दोन होतात, आणि बुंधा हळूहळू पुढे सरकवतो. उंच वाढलेला बुंधा वाकून शेजारच्या दगडाला टेकला की पूल तयार. तेव्हा त्याच्या दगडाला अंतराबरोबर डोक्यावर मोकळी जागाही द्यायची. आणि कोपऱ्यातला हा केनिया ट्री, तिसरं मऊ प्रवाळ, याला कुठलीच वाळू अडवत नाही. तो फांद्या गाळतो, त्या प्रवाहाबरोबर वाहत जातात आणि अडकतील तिथे रुजतात. याला स्वतंत्र छोटी टाकीच बरी. तिघांच्या चाली तीन, त्यामुळे सगळ्यांना एकच कुंपण पुरत नाही.

[दृश्य: सफाई. आवाज तसाच ठेवणे.]

«बाबा, रिटर्न पंप चालू आहे अजून.»
«बंद कर. दोन्ही वेव्हमेकरपण. आणि नळी धर इथे, ब्लेडच्या खालीच.»

पंप बंद, कारण कापलेला कण प्रवाहात गेला की पलीकडे नवी वसाहत. शक्य असेल तर दगड बाहेर, टाकीच्याच पाण्याने भरलेल्या टबात. शक्य नसेल तर हे असं: एकाच्या हातात ब्लेड, दुसऱ्याच्या हातात पाणी ओढून घेणारी सायफनची नळी, तिचं तोंड ब्लेडच्या टोकाशी लावून.

जीएसपीची कड एकदा उचलली की पट्टी सलग सोलून येते. ओढताना घाई केली तर तुटते, आणि दगडाच्या भोकात राहिलेला तुकडा काही आठवड्यांत परत हिरवा होतो. भोकं जुन्या टूथब्रशने घासायची. झेनिया ब्लेडने अर्ध्यात कापला तर बुंध्यातून नवा फुटतो. त्याच्या पायाखाली नख घालून, जमल्यास दगडाचा पापुद्रा सोबत घेऊन, अख्खा उचलायचा. तरी उरलेल्या ठिपक्यावर चुन्याचा घट्ट लेप. चुना थोडाच, एका वेळी दोन-तीन जागी. जास्त झाला तर पाण्याचा पीएच चढतो आणि शिक्षा माशांना होते. सफाईनंतर फिल्टरला ताजा कार्बन, कारण कापलेली मऊ प्रवाळं पाण्यात रसायनं सोडतात आणि दगडी प्रवाळं त्यावर रुसतात.

हातमोजे आणि चष्मा घातलेला आहे, तो शूटिंगपुरता नव्हे. दगडावर झोअँथिड किंवा पॅलिथोआ, म्हणजे प्रवाळांचे नातलग, असतील तर त्यांत पॅलिटॉक्सिन हे जहाल विष असू शकतं. दगड उकळून साफ करायचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका. त्या वाफेने घरातली माणसं रुग्णालयात गेल्याच्या नोंदी आहेत.

[दृश्य: नकाशा. आठ सेकंद.]

झेनियाच्याच कुळातलं युनोमिया स्टोलोनिफेरा हे प्रवाळ मूळ हिंद-प्रशांत महासागरातलं. ते व्हेनेझुएलातल्या मोचिमा राष्ट्रीय उद्यानाच्या तळावर पसरलं, आणि 2020 मध्ये हवाईच्या पर्ल हार्बरमध्ये सापडलं. मत्स्यालयांच्या व्यापारातून ते तिथे पोचलं असावं, असा संशोधकांचा कयास आहे.

[दृश्य: बरणी, जाळी, रबर बँड.]

काढलेला झेनिया फेकायचा नसेल तर ही बरणी. झेनियाचा बुंधा बुळबुळीत, त्यावर सुपरग्लू धरत नाही. बरणीत प्रवाळाच्या कंकरांचा थर, त्यावर झेनिया, वर नेटचं कापड, तोंडाला रबर बँड. प्रवाह मंद. काही दिवसांत तो आपणहून एखादा कंकर पकडतो, मग त्या कंकराला ग्लू लावून फ्रॅग, म्हणजे दुसरीकडे लावायचा तुकडा, तयार.

फ्रॅग देताना घेणाऱ्याला एवढं विचारायचं: वेगळा दगड आहे का? नसेल तर एक दगडही सोबत द्यायचा.

बाकीचे तुकडे ब्लीच घातलेल्या बादलीत रात्रभर, मग कोरडे करून कचऱ्यात. बादलीतलं पाणी घरातल्या मोरीत. खाडीत नाही, आणि सुट्टीत मालवणला नेऊन «मोकळं सोडायचं» तर मुळीच नाही. तिथल्या खडकांवर स्वतःची प्रवाळं आहेत.