काळी दोन आणि नीना सिमोन

नमस्कार मंडळी.

आमच्याकडं सप्ताहात पेटीवाल्याला कुणी गा म्हणत नाही. मीही पंधरा वर्षं नुसती पेटीच वाजवली. मग परभणीजवळच्या एका गावात ऐन काकड्याला बुवांचा घसा बसला आणि विणेकरी माझ्याकडं बघायला लागला. काळी दोनचा, म्हणजे पेटीच्या दुसऱ्या काळ्या पट्टीचा सूर धरला, तोंड उघडलं आणि भाता मारायचाच राहून गेला. पेटीनं दम टाकला. टाळकरी अजून हसतात.

तेव्हापासून नीना सिमोन मला नात्यातली वाटते.

ही अमेरिकेतली काळी गायिका आणि पियानोवादक, जन्म २१ फेब्रुवारी १९३३, गाव नॉर्थ कॅरोलायनातलं ट्रायन. पाळण्यातलं नाव युनिस वेमन. आई धर्मोपदेशक, शिवाय गोऱ्यांच्या घरी कामाला. त्यातल्याच एका बाईनं पोरीची पियानोची शिकवणी लावून दिली, पुढं गावानं वर्गणी काढली. आपल्याकडं पैलवान पोराच्या खुराकाला काढतात, तशीच. लहानपणीच्या एका कार्यक्रमात गोऱ्यांना बसायला तिच्या आईवडलांना पुढच्या ओळीतून उठवलं. ती पुढं सांगायची, मी वाजवायलाच नकार दिला. त्यांना पुन्हा पुढं बसवलं तेव्हाच वाजवलं.

व्हायचं होतं शास्त्रीय पियानोवादक, जीव बाख या जुन्या जर्मन संगीतकाराच्या संगीतावर. फिलाडेल्फियाच्या कर्टिस संगीत संस्थेनं प्रवेश नाकारला. रंगामुळंच नाकारला, असं ती शेवटपर्यंत म्हणत राहिली. मग १९५४ मध्ये पोटासाठी अटलांटिक सिटीतल्या एका बारमध्ये वाजवायला बसली. मालक म्हणाला, नुसतं वाजवून चालणार नाही, गावंही लागेल. म्हणजे विणेकऱ्याची तीच नजर! आईच्या लेखी असलं संगीत सैतानाचं, म्हणून तिला पत्ता लागू नये यासाठी नावही बदलून नीना सिमोन केलं.

आता आमच्या धंद्यातली गोष्ट. पेटीवाल्याचा डावा हात भात्यात अडकलेला असतो. सूर वाजवायला राहतो एकटा उजवा. पियानोवर दोन्ही हात मोकळे. पट्ट्या ८८, आणि बाख वाजवणाऱ्याचा डावा हात उजव्याच्या मागं शेपूट धरून चालत नाही, त्याची स्वतःची चाल असते. नीनाचा गळा म्हणजे त्यात आलेला तिसरा गडी. तिचा पियानो साथ करत नाही, वाद घालतो. आवाज जाड, जरा खरखरीत, कधीकधी पुरुषी. गोड म्हणणार नाही मी. पण सूर धरला की सुटत नाही.

१९६३ मध्ये अमेरिकेतल्याच बर्मिंगहॅम शहरात, काळ्यांच्या चर्चमध्ये गोऱ्या वंशद्वेष्ट्यांनी ठेवलेला बॉम्ब फुटला, चार काळ्या मुली गेल्या. त्यानंतर तिचं गाणं उघड भांडायला लागलं. त्या गाण्यांवर पुन्हा कधीतरी बोलू, ती पाच मिनिटांत उरकायची नाहीत.

२१ एप्रिल २००३ ला ती फ्रान्समध्ये वारली. त्याच्या दोनच दिवस आधी कर्टिसनं तिला मानद पदवी दिली होती.

आता ऐका, ‘लव्ह मी ऑर लीव्ह मी’. साधं प्रेमाचं गाणं आहे. मध्यात ती गायची थांबते आणि पियानोवर थेट बाखच्या वळणाचं वाजवायला लागते. एक हात पळतो, दुसरा त्याला गाठतो. तिथं रेडिओ जरा मोठा करा.