एका जबड्याच्या हाडावरून नवी प्रजाती कशी ठरते

हे जे हाड स्क्रीनवर दिसतंय ना, ते खालच्या जबड्याचं आहे. अख्खा जबडा नाही हां, जबड्याच्या मागच्या बाजूचं फक्त एक हाड. आणि त्या एकट्या हाडाची लांबी 2 मीटरच्या वर आहे, म्हणजे उभं केलं तर उंचापुऱ्या माणसाच्या डोक्याच्या वर जाईल. या प्राण्याची अख्खी कवटी अजून कुणालाच सापडलेली नाही, पूर्ण सांगाडा तर नाहीच. तरीही एप्रिल 2024 मध्ये त्याला स्वतःचं नाव मिळालं, इक्थिओटायटन सेव्हर्नेन्सिस. प्रजाती नवी आणि तिचा जीनस, म्हणजे जवळच्या प्रजातींचा गट, तोसुद्धा नवा.

आता कुणालाही वाटेल की एवढ्याशा पुराव्यावर नवीन प्राणी कसा काय जाहीर करतात हे लोक, आणि हा प्रश्न अगदी रास्त आहे, म्हणूनच हा व्हिडिओ.

हा प्राणी इक्थिओसॉर, तर आधी इक्थिओसॉर म्हणजे कोण ते पटकन सांगते. डायनोसॉरच्या काळातले समुद्रात राहणारे सरीसृप, पण डायनोसॉर नव्हेत. त्यांचे पूर्वज जमिनीवरचे, पुढे पाण्यात गेले आणि लाखो वर्षांत शरीर माशासारखं झालं, पायांचे वल्ह्यासारखे पर झाले, पण श्वास मात्र हवेतच घ्यायचे आणि पिल्लं पण थेट पाण्यातच जन्माला घालायचे. बहुतेक इक्थिओसॉर काही मीटरचे, काही मात्र अवाढव्य.

तर मे 2016. इंग्लंडमधला सॉमरसेटचा किनारा, लिलस्टॉक नावाची जागा. एका हौशी फॉसिल संग्राहकाला हाडाचे मोठे तुकडे सापडले, सुरुवातीला ते दगडच वाटले होते पण एक खाच आणि हाडाची रचना दिसली म्हणून त्याने शोध चालू ठेवला. तुकडे जोडल्यावर 96 सेंटीमीटरचं हाड तयार झालं, तेही अपूर्ण. पॅलिऑन्टॉलॉजिस्ट, म्हणजे फॉसिलचे अभ्यासक, डीन लोमॅक्स आणि सहकाऱ्यांनी ते तपासलं आणि 2018 मध्ये त्यावर पेपर आला, की हे एका प्रचंड मोठ्या इक्थिओसॉरच्या जबड्याचं हाड आहे.

इथे थोडं थांबू, कारण ओळख पटते ती इथे. माणसाच्या खालच्या जबड्यात एकच हाड असतं, सरीसृपांच्या जबड्यात मात्र प्रत्येक बाजूला बरीच हाडं एकमेकांना जोडलेली असतात. त्यातलं मागचं, वरच्या अंगाचं जे हाड, त्याला सरअँग्युलर म्हणतात. त्याच्यावर एक उंचवटा असतो जिथे जबडा मिटणारे स्नायू चिकटतात, खाचा असतात, शेजारचं हाड जिथे बसतं तिथे विशिष्ट आकार असतो. या खुणा ज्याला वाचता येतात त्याला तुटका तुकडा पण सांगतो की मी कुठला. आणि ज्याला येत नाहीत तो फसतो. इंग्लंडमधल्याच सेव्हर्न नदीच्या काठावर ऑस्ट क्लिफ नावाचा कडा आहे, तिथे एकोणिसाव्या शतकात अशीच जाड, गोलसर, दोन्ही टोकं तुटलेली हाडं सापडली होती, आणि पुढे कितीतरी वर्षं ती डायनोसॉरच्या पायाची हाडं समजली गेली! 2018 च्या त्याच पेपरमध्ये लिलस्टॉकच्या हाडाशी तुलना करून दाखवलं की ही सुद्धा बहुधा राक्षसी इक्थिओसॉरच्या जबड्याचीच असावीत. मला या सगळ्या गोष्टीत हा भाग फार आवडतो, हाडं म्युझियममध्ये होतीच, फक्त तुलना करायला सोबत दुसरं हाड नव्हतं.

पण लिलस्टॉकच्या हाडाला तेव्हा नाव दिलं नाही. देता आलं असतं असं कुणी म्हणेल, पण एकच नमुना, तोही अर्धवट, त्याचा वेगळा आकार हा प्रजातीचा गुण आहे की त्या एका प्राण्याचा, की झिजल्यामुळे तसा दिसतोय, हे कसं सांगणार? म्हणून त्यांनी थांबायचं ठरवलं, आणि ते थांबले हे फार चांगलं झालं.

कारण चार वर्षांनी, मे 2020 मध्ये, त्याच किनाऱ्यावर ब्लू अँकर इथे वडील आणि अकरा वर्षांची मुलगी फॉसिल शोधत होते आणि त्यांना एका मोठ्या हाडाचे तुकडे मिळाले. त्यांनी शोधाशोध करून 2018 चा पेपर काढला, आपल्याकडचं हाड त्यातल्यासारखंच दिसतंय हे ओळखलं आणि लोमॅक्सना कळवलं. मग सगळे मिळून परत परत त्या किनाऱ्यावर गेले, लिलस्टॉकवाला संग्राहक पण सोबत. सेव्हर्नच्या त्या भागातली भरती-ओहोटी जगातल्या सगळ्यात मोठ्यांपैकी आहे, तेच पाणी हाडं उघडी करतं आणि तेच घेऊन पण जातं, त्यामुळे वेळ साधावी लागते. शेवटचा तुकडा ऑक्टोबर 2022 मध्ये मिळाला आणि तुटलेल्या कडा एकमेकांत बरोबर बसल्या.

आता दोन हाडं झाली. दोन वेगळ्या प्राण्यांची, दोन वेगळ्या जागी मिळालेली, जबड्यातलं तेच हाड, आणि वेगळेपण दोन्हीत सारखंच. उंचवट्याचा आकार, हाडाचं मागचं टोक ज्या पद्धतीने वर वळतं ते, आडव्या छेदातला आकार. योगायोगाने एक हाड वाकडंतिकडं असू शकतं, पण दोन हाडं एकाच पद्धतीने वेगळी असतील तर तो त्या प्रजातीचा गुण मानायला आधार मिळतो. मग ब्लू अँकरचं जास्त पूर्ण असलेलं हाड होलोटाइप ठरलं, म्हणजे यापुढे या नावावरून वाद झाला तर याच हाडाकडे यायचं.

सोबत हाडाच्या आतली रचना पण तपासली गेली. पातळ काप काढून मायक्रोस्कोपखाली बघतात, वाढीच्या खुणा दिसतात. त्यातून हे इक्थिओसॉरचंच हाड आहे याला अजून आधार मिळाला, आणि कळलं की हा प्राणी मेला तेव्हा अजून वाढतच होता. एवढा मोठा, आणि अजून वाढ पूर्ण नाही! हे वाचलं तेव्हा मी खरंच थक्क झाले.

अख्खा सांगाडा मिळाला की काम सोपं असं वाटत असेल तर कच्छमधला इक्थिओसॉर बघा. साधारण साडेपाच मीटरचा, जवळजवळ पूर्ण सांगाडा, ज्युरासिक काळातला, 2017 मध्ये त्याच्यावर पेपर आला. पण प्रजात ठरवायला जी लक्षणं लागतात ती नीट टिकलेली नव्हती, म्हणून शास्त्रज्ञ ऑफ्थॅल्मोसॉरिड या गटापर्यंत आले आणि तिथेच थांबले.

आणि कधी नवीन प्रजाती म्युझियमच्या कपाटात पडून असते. इंग्लंडमधल्या डॉनकास्टरच्या म्युझियममधला एक इक्थिओसॉर लोक प्लास्टरची कॉपी समजत होते, 2008 मध्ये लोमॅक्सच्याच लक्षात आलं की हा खरा आहे. त्याच्या पुढच्या आणि मागच्या परांमधल्या हाडांचा आकार वेगळा वाटत होता, पण नुसतं वाटून चालत नाही, वयामुळे किंवा नर-मादी फरकामुळे पण हाडं बदलतात. त्यामुळे लोमॅक्स आणि सहकारी ज्युडी मॅसारे यांनी कितीतरी म्युझियममधले इक्थिओसॉर तपासले, तसेच गुण असलेले आणखी नमुने मिळाले, तेव्हा कुठे 2015 मध्ये एकोणिसाव्या शतकात फॉसिल शोधणाऱ्या मेरी अॅनिंगच्या नावावरून इक्थिओसॉरस अॅनिंगे हे नाव दिलं. मेरी आणि तिच्या भावाने इंग्लंडच्या किनाऱ्यावरच्या लाइम रीजिसला 1811-12 च्या सुमारास जो सांगाडा शोधला, त्याच्यामुळेच लंडनच्या शास्त्रज्ञांचं या प्राण्यांकडे लक्ष गेलं. तिच्या हयातीत तिला हवा तेवढा मान मिळाला नाही, त्यामुळे हे नाव वाचताना मला फार बरं वाटतं.

परत आपल्या जबड्याकडे. लांबी किती, हा सगळ्यांचा आवडता प्रश्न. अंदाज आहे सुमारे 25 मीटर, म्हणजे निळ्या देवमाशाच्या जवळपास. हा आकडा आला कसा तर कॅनडात शोनिसॉरस सिकॅनिएन्सिस नावाचा सुमारे 21 मीटरचा इक्थिओसॉर सापडलाय, त्याच्या आणि इतर नातेवाइकांच्या हाडांशी प्रमाण लावून. हे गणित एका हाडावर उभं आहे, आणि शरीराचं प्रमाण प्रत्येक प्रजातीत सारखं नसतं, त्यामुळे कुणी 25 मीटर एकदम छातीठोक सांगत असेल तर तो पेपरपेक्षा जास्त बोलतोय. हाडाचं वय मात्र पक्कं सांगता येतं, कारण ते ज्या खडकात होतं तो थर ओळखीचा आहे: सुमारे 20 कोटी 20 लाख वर्षं, म्हणजे ज्युरासिकच्या आधीच्या ट्रायासिक काळाचा अगदी शेवट.

आणि हा काळ महत्त्वाचा आहे. त्यानंतर थोड्याच काळात ट्रायासिकच्या शेवटचा महाविनाश आला, ज्वालामुखींच्या प्रचंड उद्रेकांशी त्याचा संबंध जोडला जातो. इक्थिओसॉर त्यातून वाचले, पुढे ज्युरासिकमध्ये त्यांच्या भरपूर प्रजाती झाल्या, पण हे राक्षसी इक्थिओसॉर परत दिसत नाहीत. कॅनडातला शोनिसॉरस याच्या सुमारे 1 कोटी 30 लाख वर्षं आधीचा, म्हणजे हा गट महाविनाशाच्या दारापर्यंत टिकून होता, आणि ते या दोन हाडांमुळे कळलं.

पुढे त्याच थरात कवटी मिळाली तर आधी तिचं सरअँग्युलर या होलोटाइपशी लावून बघतील. जुळलं, तर लांबीचा आकडा बदलेल, नातेवाइकांचं झाड परत मांडावं लागेल, आणि तो खातो काय, त्याला दात होते की नव्हते, याच्यावर पहिल्यांदा पुराव्यासह बोलता येईल.