शाहचा ससाणा

१६१९ साल. इराणच्या शाह अब्बासने जहांगीर बादशहाला एक पक्षी नजराणा म्हणून धाडला. शुंकार. बर्फाळ उत्तरेकडचा, ससाण्यांच्या कुळातला सगळ्यात मोठा. आपल्या आभाळात तो दिसत नाही.

राजाने राजालाच द्यावा, असा हा पक्षी. आभाळातून झडप घालणारं जनावर मनगटावर मुकाट बसतं, यातच दरबाराला सत्ता दिसायची. 'शाहीन' या ससाण्याच्या नावात तर शाहच बसलाय. आपल्या बहिरी ससाण्यातला 'बहिरी'ही बाजदारांच्या, म्हणजे शिकारी पक्षी पाळणाऱ्यांच्या, बोलीतलाच. त्याच्या कानांना काही झालेलं नाही!

पण वाटेत मीर शिकार, म्हणजे शिकारीचा अधिकारी, गाफील राहिला आणि या शाही पक्ष्याला चक्क एका मांजराने ओरबाडलं. जहांगीरनेच हे आपल्या आठवणींत लिहून ठेवलंय. ससाणा दरबारी पोचला खरा, पण आठवडाभरही जगला नाही.

आता बादशहा कुणाला शिक्षा करतो, असं आपल्याला वाटतं. तो मात्र लिहितो पिसांबद्दल. पंखांवर, पाठीवर, कुशीवर काळ्या खुणा किती देखण्या होत्या, याबद्दल. आणि फर्मावतो, की उस्ताद मन्सूरने याचं चित्र काढून ठेवावं. मन्सूर म्हणजे 'नादिर-उल-अस्र', त्या काळातला अद्वितीय.

याच सुमारास अबुल हसन या दुसऱ्या चित्रकाराने जहांगीर आणि शाह अब्बासची गळाभेट रंगवली. दोघे पृथ्वीच्या गोलावर उभे. जहांगीरच्या पायाखाली सिंह, शाहच्या पायाखाली कोकरू. प्रत्यक्षात दोघे कधी भेटलेच नव्हते. आणि १६२२ मध्ये या 'कोकराने' जहांगीरकडून कंदाहार घेतलं.

मन्सूरच्या पक्ष्यांना असलं काही सांगायचं नसतं. त्याचं नाव असलेलं ससाण्याचं एक चित्र आज बॉस्टनच्या संग्रहालयात आहे. एका बाजूने दिसणारा पक्षी, मागे जवळजवळ मोकळा कागद. जरा जवळ जाऊ. खारीच्या केसांचा कुंचला, आणि पिसामागून पीस. कुठे गडद कड, कुठे फिकट. छातीवरच्या खुणा वरून खाली येताना आकार बदलतात, तेही त्याने सोडलेलं नाही.

थोडा वेळ नुसतं बघू या.