बरं असतानाच लिहून ठेवा

नमस्कार श्रोतेहो.

मानसिक आजार असलेल्यांच्या आमच्या स्वमदत गटात नवीन कुणी आलं की आजाराचं नाव कुणी विचारत नाही. कुणीतरी म्हणतं, "झोप लागते का रे? गोळीनं हात थरथरतात?" डॉक्टरांपुढे कित्येक महिने नुसती मान हलवणारा मुलगा इथे बोलता होतो, कारण विचारणाऱ्याच्या हातातला कपही कधीतरी बशीवर वाजलेला असतो. पुण्यातल्या स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशनमध्ये आजाराशी झुंजणाऱ्याला शुभार्थी म्हणतात आणि त्याला सांभाळणाऱ्याला शुभंकर. मी स्वतः शुभार्थी आहे.

पण गट फक्त मन मोकळं करण्यापुरता नाही. आपले हक्कही तिथे कळतात. 6 ऑगस्ट 2001 रोजी तमिळनाडूतल्या एरवाडीत मनोरुग्णांच्या एका निवासाला आग लागली. साखळदंडांनी बांधलेल्यांना पळता आलं नाही. 28 जण गेले. आज साखळीनं बांधणं कायद्यानं बंद आहे, भूल न देता उपचार म्हणून विजेचा शॉक देणंही बंद आहे. मानसिक आरोग्य सेवा कायदा 2017 सालचा, 29 मे 2018 पासून लागू. मोफत कायदेशीर मदतीचा हक्कही त्यातच आहे. हे सगळं किती जणांना ठाऊक आहे?

त्यातली मला सगळ्यात मोलाची वाटते ती तरतूद आगाऊ निर्देशाची. पुढे आजार बळावला आणि आपला निर्णय आपल्याला घेता आला नाही, तर उपचार कसे व्हावेत, कसे होऊ नयेत आणि आपल्या वतीनं कोण बोलेल, हे कोणत्याही सज्ञान माणसाला आधीच लेखी देता येतं. पूर्वी आजार झाला होता म्हणून हा हक्क जात नाही.

आमच्या गटातल्या एका ताईंनी असा निर्देश लिहायला घेतला, तेव्हा त्यांना पहिलं वाक्यच सुचेना. मग शेजारची म्हणाली, "मागच्या वेळी सगळ्यात जास्त त्रास कशाचा झाला, तिथून सुरू करा." ताईंनी लिहिलं: एका गोळीनं माझी जीभ जड होते, ती देण्याआधी डॉक्टरांनी दुसरा पर्याय बघावा. चष्मा काढून घेऊ नये. प्रतिनिधी म्हणून मावसबहीण. खाली दोन साक्षीदारांच्या सह्या.

हा कागद याच कायद्याखालच्या मानसिक आरोग्य पुनर्विलोकन मंडळाकडे नोंदवायचा असतो. तातडीच्या उपचारांत तो लागू होत नाही. डॉक्टर किंवा नातेवाईक मंडळाकडे बदलासाठी अर्जही करू शकतात. तरीही लिहाच. अर्ज आला की मंडळाला दोन्ही बाजू ऐकाव्या लागतात, आणि त्यातली एक बाजू तुमच्याच शब्दांत असेल.

शुभंकरांना एकच विनंती. तुमच्या माणसानं प्रतिनिधी म्हणून दुसऱ्याचं नाव घातलं, तर रुसू नका. का घातलं ते शांतपणे विचारा आणि तो सांगेल ते पूर्ण ऐकून घ्या.

आणि आत्ता, या क्षणी कुणाला बोलावंसं वाटत असेल, तर टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी मदतवाहिनीचा क्रमांक टिपून घ्या: 14416. फोन मोफत आहे, दिवसरात्र लागतो आणि मराठीतून बोलता येतं. पुन्हा सांगते, एक चार चार एक सहा.

नमस्कार.