पाईप बुडाशीच का सडतो

श्रोतेहो, नमस्कार.

पाऊस ओसरला आणि दिवाळीची रंगरंगोटी निघाली, की पोर्चच्या रेलिंगवरही ब्रश फिरतो. तो फिरवण्याआधी रेलिंगचा प्रत्येक लोखंडी पाईपचा खांब काँक्रीटमध्ये शिरतो तिथं वाकून बघा. रंग फुगलाय, तांबूस ओघळ आलाय, खांबाभोवती बारीक चीर पडलीय, असं काही दिसलं तर स्क्रूड्रायव्हरचं टोक दाबा. पत्रा आत गेला तर तो खांब संपलाय, वरून कितीही चकचकीत दिसू दे. घरातली वडीलधारी माणसं पायरी चढताना सगळा भार त्याच्यावर टाकतात, म्हणून मी हे एवढं कळकळीनं सांगतोय.

पाणी खांबावरून उतरतं आणि बुडाशी, सांध्यात थांबतं. तिथं लोखंड गंजतं. गंजाला मूळ लोखंडाच्या दुपटीहून जास्त जागा लागते, त्यामुळं तो पाचरीसारखा काँक्रीट फोडतो. चीर रुंदावली की आणखी पाणी आत जातं. २०१९ आणि २०२१ च्या महापुरात पंचगंगेचं पाणी ज्यांच्या दारात आलं, त्यांनी तर पोकळ पाईप आतूनही तपासून घ्यावेत. गाळ आणि ओल आत अडकून राहिली असेल, तर बाहेरून काहीच कळत नाही.

अशा वेळी बरेच जण चिरेत सिमेंट भरून वरून रंग मारतात. कृपा करून तसं करू नका. गंज आत चालूच राहतो आणि वर्ष-दोन वर्षांत तीच चीर पुन्हा उघडते.

आपल्या कोल्हापूरच्या उद्यमनगरात चांगल्या फॅब्रिकेटरची, म्हणजे लोखंडी काम करणाऱ्यांची, कमी नाही. त्यांच्याकडून सडलेला भाग ग्राइंडरनं चांगलं लोखंड लागेपर्यंत कापून घ्या, नवा तुकडा वेल्ड करा आणि खाली बेसप्लेट, म्हणजे बुडाची लोखंडी पट्टी, लावून ती काँक्रीटवर बोल्टनं बसवा. मात्र बोल्ट नुसत्या फरशीत धरता कामा नये. शहाबादी असो की टाइल, तिच्याखाली मसाला असतो आणि खरं काँक्रीट त्याच्याही खाली. बोल्ट तिथपर्यंत पोचायलाच हवा. पायरीच्या कडेला फुगून बसणारा फास्टनर ठोकला, तर कडच निखळते. तिथं केमिकल अँकर, म्हणजे भोकात रसायन भरून चिकटवलेला बोल्ट, बरा. भोक पाडल्यावर आतली भुकटी ब्रशनं आणि हवेनं पूर्ण काढायला लावा. घाईत नेमकं हेच राहतं आणि अँकर धरत नाही.

जुना खांब खोबणीतच परत उभा करायचा असेल, तर फुटलेलं काँक्रीट टणक थर लागेपर्यंत काढा आणि नॉन-श्रिंक ग्राऊट, म्हणजे न आकसणारा तयार मसाला, भरा. साधं सिमेंट वाळताना आकसतं आणि खांबाभोवती फट राहते. ग्राऊटचा वरचा भाग खांबापासून बाहेर उतरता ठेवा. पिशवीवर लिहिलेली मुदत होईपर्यंत रेलिंगला कुणी हात लावू नये, मुलांनी तर नाहीच. तेवढे दिवस दोरी बांधून ठेवा.

वेल्डिंगच्या जागी जीआय, म्हणजे जस्त चढवलेल्या, पाईपवरचा तो थर जळतो. तिथं घासून झिंकचा प्रायमर द्या, मग रंग. हे वेल्डिंग उघड्यावरच करायला सांगा, जळत्या जस्ताचा धूर वेल्डरच्या छातीत जातो. पाईपची वरची तोंडं बंद करून घ्या. सगळं वाळलं की खांब आणि काँक्रीटच्या सांध्यावर गोल फिरवून सीलंट लावा, आणि दर वर्षी मे महिन्यात, पावसाळ्याआधी, ते कुठं सुटलंय का ते बघा.